नाश्त्याची हजेरी

सकाळच्या पहिल्या तासाला मुलांचं डोकं सगळ्यात ताजं असतं, असं मी तीस वर्षं मानत आले. गणित शिकवणाऱ्या सगळ्याच बाया तसं मानतात. जून महिन्यात वेळापत्रक लागायच्या दिवशी मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची आणि पाचवीचा पहिला तास पदरात पाडून घ्यायची. इतिहासाच्या बाई दरवर्षी रुसायच्या. तुमचे राजे दुपारी बारा वाजताही लढू शकतात, माझ्या अपूर्णांकांना ते जमत नाही, असं मी त्यांना सांगायची. त्यांना ते कधीच विनोदी वाटलं नाही.

आमची शाळा प्रभादेवीत, मराठी माध्यमाची, सकाळच्या सत्राची. सातला घंटा. आजूबाजूच्या निम्म्या चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहिले होते. टॉवरमधली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून दुसरीकडे शिकायला जायची. आमच्याकडे यायची ती उरलेल्या चाळींतली, मागच्या वस्तीतली आणि वरळी कोळीवाड्यातून बेस्टच्या बसने येणारी. मी यायची गिरगावातून, फणसवाडीतून. माझा जन्मच तिथला. लहानपणी शाळेला निघताना आई मऊ भात, मेतकूट आणि तूप समोर ठेवायची आणि ताटली पुसून दाखवल्याशिवाय चपला घालू द्यायची नाही. उपाशीपोटी बाकावर बसल्यावर काय होतं हे मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं, पोट हा दुपारचा विषय आहे.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, तेव्हाची ही हकिगत. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास मी घ्यायची, सव्वासहा ते सात. वर्गातली निवडक वीस मुलं. दर शनिवारी वीस गुणांची चाचणी. जो मुलगा लागोपाठ पाच चाचण्यांत दहाच्या खाली राहील त्याचं नाव निघणार आणि यादीतल्या पुढच्याला जागा मिळणार, हा नियमही माझाच. नियम कडक होता आणि मला त्याचा अभिमान होता. त्या वीस जागांसाठी आया माझ्याकडे खेटे घालायच्या, कारण आमच्या शाळेतल्या मुलांच्या आयुष्यात खास निवड होण्याचा तो पहिलाच प्रसंग असायचा.

त्या वर्षी निवड चाचणीत पहिली आली ती कोळीवाड्यातली एक मुलगी. अंगाने काटकुळी, तेल लावून करकचून घातलेल्या दोन वेण्या, आवाज मात्र खणखणीत. वडील काकांच्या बोटीवर, आई मासळी बाजारात विकायला बसणारी. अपूर्णांक शिकवताना मी फळ्यावर भाकरीचे चार भाग काढायची, अर्धशतकापूर्वी माझ्या बाईंनी काढले तसेच. ही उठून म्हणाली की भाकरी कुणी मोजून तोडत नाही बाई, वाट्यांचं घ्या. आणि मग तिने वर्गाला समजावलं. टोपलीत बांगड्यांचे सहा वाटे लावलेत, एका गिऱ्हाइकाने एक वाटा घेतला, दुसऱ्याने उरलेल्यातले निम्मे मागितले, तर टोपलीत काय राहिलं. मी तिला थांबवलं नाही. त्या दिवशी माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांना छेद म्हणजे काय ते कळलं, आणि ते माझ्यामुळे कळलं नाही. घरी जाऊन मी माझ्या नवऱ्याला सांगितलं की या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली नाही तर दोष माझा.

ऑगस्टमध्ये आम्हाला एका प्रशिक्षणाला बोलावलं. प्रशिक्षणात मी शेवटच्या रांगेत बसून शब्दकोडं सोडवते, हे आमच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी बोलायला आलेल्या तरुण बाईंनी माझं कोडं अर्धवट ठेवायला लावलं. त्या सांगत होत्या की सकाळी न खाता आलेलं मूल फळ्याकडे बघतं, पण त्याच्या डोक्यात काही टिकत नाही. ते लवकर चिडतं, लवकर रडतं, आणि आपण त्याला हट्टी किंवा मठ्ठ ठरवून मोकळे होतो. माझं ऐकू नका, त्या म्हणाल्या, उद्या वर्गात जाऊन बघा.

मी बघायचं ठरवलं. माझा स्वभावच असा आहे, मी एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की हात धुवून लागते. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या तासाला नाव पुकारलं की मुलांनी ‘हजर’ म्हणायचं नाही, सकाळी काय खाल्लं ते सांगायचं, असा फतवा काढला. मुलं खूश. पंधरा दिवसांत वर्गाला त्या खेळाची सवय लागली. पोहे, बाई. चहा-चपाती, बाई. चहा-बटर. उपमा. कालची खिचडी. घावणे आणि चटणी, हे एका मालवणी घरातलं, त्या मुलाचा चेहराच सांगायचा. काही नाही बाई, उशीर झाला. कुणी सकाळी सकाळी शेव-फरसाण खाऊन यायचा, कुणी रात्रीची पावभाजी. काही वेगळं ऐकू आलं की वर्ग हसायचा, मीही हसायची.

आणि खरंच दिसायला लागलं. लालबागहून येणारा एक मुलगा होता, चहा-बटरवाला. त्याला गणित चुकलं की डोळ्यांत पाणीच. तोच मुलगा ज्या दिवशी आजीकडे राहून चपाती-भाजी खाऊन यायचा त्या दिवशी चुकलेलं गणित स्वतःच खोडून पुन्हा मांडायचा, वर मलाच विचारायचा, बाई, अजून एक द्या ना. शेवटच्या बाकावरच्या दोघी सख्ख्या मैत्रिणींची भांडणं कोणत्या दिवशी होणार ते मी हजेरीवरून सांगू शकत असे. पावणेदहाला शाळेत खिचडी मिळायची. तिच्या आधीचा वर्गाचा गोंगाट आणि नंतरचा गोंगाट यात फरक आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. आधीचा कुरकुरीचा असायचा, नंतरचा खेळाचा. मला या पोरांचं भारी कौतुक वाटायला लागलं. एवढीशी पोरं, कुणी धाकट्या भावाचं दप्तर भरून देऊन, कुणी नळाचं पाणी भरून, कोऱ्या चहावर सव्वासहाला येऊन बसतात आणि माझे लसावि-मसावि सोसतात. मला त्यांच्या वयात कुणी हे करायला सांगितलं असतं तर मी भोकाड पसरलं असतं.

मुख्याध्यापिकांना हा प्रकार इतका आवडला की त्यांनी वरच्या साहेबांना मुद्दाम माझ्या वर्गावर आणलं. साहेबांनी हजेरी ऐकली, हसले आणि पाठ थोपटून गेले. मी आठवडाभर हवेत होते.

याच दिवसांत कोळीवाड्यातली ती मुलगी घसरायला लागली.

पहिल्या शनिवारी वीसपैकी नऊ. मला वाटलं, गणपती जवळ आलेत, आरास आणि ढोल यात पोरांची मनं कुठे जागेवर असतात. दुसऱ्या शनिवारी आठ. ज्या मुलीने वर्गाला छेद शिकवला ती सातचा पाढा म्हणताना सात सक्कमला अडली आणि फळ्यासमोर तशीच उभी राहिली. मी पुढचं म्हणायला सांगितलं तर तिने खडू जमिनीवर टाकला. एकदा खोडरबरावरून शेजारणीच्या हाताला इतक्या जोराने चिमटा काढला की वळ उठला. एकदा मी नुसतं ‘नीट बघ’ म्हणाले तर तिने चाचणीचा कागद मधोमध फाडला. जूनमधली मुलगी कुणी बदलून नेली की काय, असं मला वाटायचं.

उपाशी येत असेल ही शंका मला आली नाही असं नाही. पण माझ्याकडे पुरावा होता ना. मी रोज तिचं नाव पुकारायची आणि ती रोज खणखणीत आवाजात सांगायची, पोहे, बाई. एकदा मी विचारलंही, रोज पोहेच? तिने मान डोलावली. मी मनात म्हटलं, चला, म्हणजे पोटाचा प्रश्न नाही. आता उरला आळस आणि उर्मटपणा. निदान पक्कं झालं की मी डॉक्टरांपेक्षा लवकर औषधाकडे वळते, आणि माझं औषध एकच, बोलणी. त्या दीड-दोन महिन्यांत मी तिला भरपूर बोलले. डोकं आहे पण वापरायचं नाही असं ठरवलंयस का, असं म्हणाले. मग डोकं आहे हेही म्हणायचं सोडलं.

विज्ञानाच्या बाईंचा तास खिचडीच्या सुट्टीनंतर असायचा. त्या एकदा सहज म्हणाल्या की तुमची ती कोळीवाड्यातली मुलगी काय चमकदार आहे हो, माझे प्रश्न संपतात पण तिची उत्तरं संपत नाहीत. त्या क्षणी माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी उलट दुखावले. म्हणजे हिला माझाच विषय नको आहे, असा अर्थ मी काढला. तीस वर्षांची मास्तरकी डोक्यात गेली की माणसाला समोरचं दिसत नाही.

पाचव्या शनिवारी तिला सहा गुण मिळाले. नियमाप्रमाणे तिचं नाव निघणार होतं. तिच्या जागी कोण येणार हेही वर्गाला माहीत होतं, मुलांना अशा गोष्टी आपल्या आधी कळतात. नाव काढण्याआधी पालकांना बोलावून सांगायचं, एवढी एक पद्धत मी पाळायची. मी तिच्या वहीत निरोप लिहिला. तो वाचताना तिचं तोंड पांढरं पडलं. तिने वही मिटून दप्तरात टाकली.

आई आली गुरुवारी, दहाच्या सुमाराला, खिचडीची ताटं गोळा होत असताना. बाजारातून थेट आली होती, पण हात लिंबाने चोळून, पदर नीट खोचून, केसात अबोलीचा गजरा माळून. टोपली गेटवरच्या वॉचमनकडे ठेवून आली होती. दोनदा सांगितलं तेव्हा खुर्चीवर टेकली. मी माझी वही उघडून पाचही चाचण्यांचे गुण वाचून दाखवले. फाडलेला कागद दाखवला. चिमट्याचं सांगितलं. शेवटी मी म्हणाले की घरून नीट खाऊन येते, रोज पोहे खाऊन येते असं तीच सांगते, तेव्हा भुकेचं काही कारण दिसत नाही, तिचं मनच नाही अभ्यासात.

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं.

“बाई, पोहे? आमच्या घरात पोहे कोण खात नाय. मी पहाटे चार वाजता मासळी घ्यायला धक्क्यावर जाते. त्याच्या आधी भाकऱ्या थापते. तिची भाकरी आणि सुका बोंबील भाजून झाकून ठेवते. दुपारी येऊन बघते तर ताट रिकामं असतं.”

मी म्हटलं, मग ती खोटं का बोलते? आईलाही ते कळेना. मी शिपाईमावशींना सांगून मुलीला बोलावलं. ती दारात येऊन उभी राहिली, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. आईने विचारलं, सकाळी भाकरी खातेस ना? ती म्हणाली, खाते. कधी? शाळेतून आल्यावर. आणि सकाळी? सकाळी कोरा चहा.

आईचं हसू गेलं. तिने मुलीचा हात धरून जवळ ओढलं आणि पुन्हा विचारलं, का म्हणून. मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती. मग ज्या खणखणीत आवाजात ती ‘पोहे’ म्हणायची त्याच आवाजात म्हणाली,

“बाईंनी चूळ भरायला पाठवलं होतं. भाकरी-बोंबील बोलले तर सगळे हसले. मग बाई बोलल्या, सकाळी सकाळी? जा, आधी चूळ भरून ये.”

मला आठवेना. खरंच आठवेना, आणि हेच मला सगळ्यात लागलं. मग हळूहळू आठवलं. हजेरीचा पहिला किंवा दुसरा दिवस. कुणीतरी नाक धरलं होतं, वर्ग हसला होता, मीही हसले होते. फणसवाडीत वाढलेल्या बाईला सकाळी सात वाजता सुक्या बोंबलाचं नाव ऐकून हसू आलं. मी रागावले नव्हते. मी तर गमतीत म्हणाले होते. ती उठली, नळावर गेली, चूळ भरून आली आणि जागेवर बसली. मी पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पोहे म्हणायला लागली. आणि तोंडाला बोंबलाचा वास असताना पोहे म्हणणं शक्य नाही, हे त्या दहा वर्षांच्या डोक्याने ओळखलं होतं. आई कितीही वाजता घरातून निघाली तरी घरात शिजलेलं तेवढंच असायचं. म्हणून सकाळचं खाणंच बंद. मुलांनी उपाशी येऊ नये म्हणून मी जी हजेरी काढली होती, तिच्यापायी माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी रोज उपाशी येत होती. आणि मी त्याबद्दल साहेबांकडून पाठ थोपटून घेतली होती.

मला वाटलं, आता ही बाई माझं काय वाटेल ते करेल. मासळी बाजारातल्या बायकांच्या तोंडाबद्दल आम्हा गिरगावकरांच्या काही कल्पना असतात. मी खरंच खुर्चीत जरा मागे सरकले. ती बोलली ती इतक्या हळू आवाजात की मला पुढे वाकावं लागलं.

“बाई, वास तर येणारच. आमचं घर त्याच्यावरच चालतं.”

बस, एवढंच. मग ती मुलीकडे वळून तिच्या भाषेत काहीतरी भरभर बोलली, मला अर्धंच कळलं. मग माझ्याकडे बघून तिने एक गोष्ट मागितली. पोरीचं नाव या आठवड्यात काढू नका, एक शनिवार द्या. ही खाल्ल्याशिवाय कशी वागते ते मला विचारा ना बाई, ती म्हणाली, लहानपणापासून असंच आहे, पोटात नसलं की हिला काय सुचत नाय, दिसेल त्याच्याशी भांडते, आणि पोट भरलं की हिच्यासारखी गुणी कोण नाय. त्या तरुण बाईंनी प्रशिक्षणात दोन तास घेऊन जे सांगितलं ते या आईने दोन वाक्यांत सांगितलं. आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

मी शनिवार दिला. द्यायला तो माझ्या बापाचा होता की काय, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

नंतर मला मुलीकडून कळलं की त्या दिवसापासून आई पहाटे धक्क्यावर जाईना. माल घ्यायचं काम तिने जावेवर सोपवलं. धक्क्यावर स्वतः उभं राहून पारखून घेतलेला माल आणि दुसऱ्याने आणलेला माल यात फरक पडतो. बाजारातही तिला उशीर व्हायचा, तोवर सकाळची चांगली गिऱ्हाइकं निघून गेलेली असायची. ते सगळं पत्करून ती साडेपाचला मुलीच्या समोर पाट मांडून बसायची आणि शेवटचा घास जाईपर्यंत उठायची नाही. इतकी वर्षं मी पालकांना भाषणं दिली, की मुलांकडे लक्ष द्या. लक्ष देणं म्हणजे काय असतं ते मी या बाईकडून शिकले, आणि माझ्या मनात तिच्याबद्दल जो आदर आहे तो मी नोकरीत भेटलेल्या एकाही साहेबाबद्दल नाही.

मीही काहीतरी करायला हवं होतं. शुक्रवारी हजेरीला मी नाव पुकारलं आणि मुलांना सांगितलं की आजपासून फक्त ‘हजर’. मुलं हिरमुसली. चहा-बटरवाल्याने का म्हणून विचारलं. मी म्हणाले की कोण काय खातं ही ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट आहे, मी ती चारचौघांत विचारायला नको होती, आणि एकदा मी हसले तेही चुकलंच. कुणाचं नाव घेतलं नाही. ज्याच्या पोटात काही नसेल त्याने कुणाला न सांगता शिपाईमावशींकडे जायचं, तिथे डब्यात चणे-गूळ आणि केळी असतील. पहिल्या आठवड्यात डब्याकडे कुणी फिरकलं नाही. नंतर तो दर दोन दिवसांनी भरावा लागायचा.

शनिवारी चाचणी होती. सव्वासहाला ती आली, नेहमीच्या जागी बसली. मी कागद वाटले आणि उगाच खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, तिच्याकडे बघत नाही असं दाखवत. पहिलं गणित तिने सोडवलं. दुसऱ्याला थांबली. मी देवाधर्माची फार नाही, पण त्या वेळी मनातल्या मनात सिद्धिविनायकाला काहीतरी बोलले. मग तिने कागदाच्या कडेला छोटे छोटे गोल काढले, सहा गोल, त्यातले काही खोडले, आणि तिचा पेन्सिल धरलेला हात पुन्हा चालू लागला. मला कळलं की ती वाटे लावतेय. त्या क्षणी मी निश्चिंत झाले. तिने कागद दिला तेव्हा बोंबलाचा वास होता, आणि तो मला आवडला असं खोटं मी लिहिणार नाही. पण तो वास येतोय याचा मला आनंद झाला हे अगदी खरं आहे.

कागद मी तिथेच तपासला. वीसपैकी सतरा.

घंटा व्हायच्या आत मी तिला व्हरांड्यात गाठलं. तिचं नाव राहणार हे तिला सांगितलं. मग मी रात्रभर मनात घोळवलेलं बोलायला सुरुवात केली. मी चुकले, तुला असं पाठवायला नको होतं, तू मला सांगायला हवं होतंस, पण तू का सांगशील, आणि तरीही तू एकही दिवस जादा तास चुकवला नाहीस. दोन महिने रिकाम्या पोटी सव्वासहाला येऊन बसायचं, बोलणी खायची, आणि आपल्या बाईंचं नाव घरी सांगायचं नाही. मी तिच्या जागी असते तर शाळाच सोडली असती. हेही मी तिला सांगितलं. ती खाली बघून ऐकत होती. माझी क्षमा वगैरे तिला नको होती, ते तिच्या कानावरून गेलं असावं. माझं बोलून संपल्यावर तिने मान वर केली.

“म्हणजे बाई, मी ढ नाय?”

दोन महिने ती हे मनात घेऊन माझ्यासमोर बसत होती. मी तिला बोलले, चिडले, तिचं निदान केलं, पण या मुलीला आपण ढ आहोत असं वाटत असेल हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला वाटत होतं तिला काही वाटतच नाही. मी नाही म्हटलं. अजिबात नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि मग विचारलं, हे तुम्ही माझ्या आईला सांगाल का. मी सांगितलं तर तिला खरं नाय वाटणार.

शनिवारी शाळा लवकर सुटते. मी तिच्याबरोबर बाजारात गेले. इतकी वर्षं त्या बाजारावरून जाताना मी नाकाला पदर लावून पलीकडच्या फुटपाथने जायची. त्या दिवशी आत गेले. फरशी ओली होती आणि माझ्या चपला घसरत होत्या. मुलगी पुढे चालत होती, मला वाट करून देत. तिची आई ओळीत मधोमध बसली होती, समोर दोन गिऱ्हाइकं उभी, हातात कोयता. मला बघून ती घाबरली. पोरीने पुन्हा काही केलं असं तिला वाटलं असणार. मी घाईघाईने सांगून टाकलं की सतरा गुण मिळाले, नाव राहिलं, आणि तुमची मुलगी ढ नाही, माझ्या वर्गात तिच्याइतकी हुशार दुसरी नाही, चूक माझी होती.

तिने कोयता बाजूला ठेवला. पदराने तोंड पुसलं, मग डोळे. गिऱ्हाइकांना जरा थांबा म्हणाली. उजव्या-डाव्या हाताला बसलेल्या बायकांकडे एकदा बघून घेतलं.

“बाई,” ती म्हणाली, “परत सांगा. जरा मोठ्याने सांगा, ह्यांना ऐकू गेलं नाय.”

मी परत सांगितलं, वर्गात सांगते तेवढ्या मोठ्याने.